तिथीची पाऊणपट आणि महाविद्यालयातले बीजगणित

रायगडच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. भरती दिवसातून दोनदा येत असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा हाच आकडा ढोबळमानाने चालतो. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शाळेत फारसा न गेलेला नाखवाही हा हिशेब बोटांवर करतो. पंचांग जवळ असले की झाले.

हाच हिशेब फळ्यावर असा लिहिता येईल: तिथीला 'त' म्हणू, भरतीच्या वेळेला 'भ' म्हणू; मग भ = ३/४ त. हे बीजगणित आहे. पण त्याच नाखव्याचा नातू वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला असेल तर हे समीकरण पाहून तो बहुधा म्हणेल, "सर, यात क्ष कुठे आहे? काढायचे काय?" या प्रश्नात महाविद्यालयातल्या बीजगणिताची निम्मी अडचण सामावलेली आहे.

अलिबाग, मुरूड, पेण, रोहे या भागांतून महाविद्यालयात येणारी पुष्कळ मुले बीजगणिताला दुसऱ्यांदा सामोरी जातात. कोणी अकरावी विज्ञानात, कोणी पॉलिटेक्निकच्या पहिल्या सत्रात, कोणी वाणिज्य शाखेत गणिती आणि संख्याशास्त्रीय तंत्रे शिकताना, तर कोणी बँकेच्या परीक्षेची तयारी करताना. दहावीला ती उत्तीर्ण झालेली असतात, काही तर चांगल्या गुणांनी. तरीही पहिल्या चाचणीत त्यांची दाणादाण उडते आणि त्यातली बरीच 'आपल्याला गणित जमत नाही' असा निकाल स्वतःच लावून मोकळी होतात. त्या निकालाबरोबर पुढचे कितीतरी रस्ते बंद होतात. माझ्या मते हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. महाविद्यालयातला विषय त्यांच्याकडून एक वेगळी गोष्ट अपेक्षितो आणि ती कोणती, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

शाळेत उदाहरणाचा प्रकार ओळखायचा आणि त्या प्रकाराची रीत लावायची, एवढ्यावर निभावते. महाविद्यालयातले शिक्षक असे गृहीत धरतात की विद्यार्थ्याला अक्षरांत लिहिलेले वाक्य वाचता येते, ते खरे की खोटे हे तपासता येते आणि ते उलटसुलट करून पाहता येते. वाचणे, तपासणे, उलटवणे या तीन गोष्टी येत असतील तर रीत विसरली तरी फारसे बिघडत नाही.

अक्षर म्हणजे संख्या

पहिला घोटाळा वाचण्यातच होतो. एक साधे वाक्य घेऊ: 'प्रत्येक होडीवर सहा खलाशी आहेत.' होड्यांच्या संख्येला 'ह' म्हणू, खलाशांच्या संख्येला 'ख' म्हणू. समीकरण लिहा. वर्गात हे विचारून पाहा; बरेच जण ह = ६ख असे लिहितील. 'एक होडी म्हणजे सहा खलाशी' हे मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून त्यांनी अक्षरांत उतरवलेले असते. तिथे 'ख' हे अक्षर 'खलाशी' या शब्दाचे लघुरूप झालेले असते, खलाशांची संख्या राहिलेली नसते.

हा आपल्याकडच्याच मुलांचा दोष आहे, असे समजू नये. अमेरिकेत १९८०च्या सुमारास जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला होता: विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, तर समीकरण लिहा. तिघांमागे एकाहून अधिक जण चुकले आणि बहुतेकांची चूक हीच, उलटी मांडण्याची होती. ही मुले पुढे कलनशास्त्र शिकणारी होती.

यावरचा उपाय व्याख्यानात नाही, ताळा पाहण्यात आहे. होड्या दोन घ्या. खलाशी बारा झाले. आता ह = ६ख मध्ये या संख्या घाला: २ = ७२. हे खोटे आहे, म्हणून समीकरण चुकले. ख = ६ह मध्ये घाला: १२ = १२. बेरीज-गुणाकाराचा ताळा पाहण्याची सवय जुन्या शाळांत लावली जात असे. बीजगणितात ती सवय अधिक उपयोगी पडते, कारण इथे संख्या घालून पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि पुस्तकाच्या मागच्या उत्तरांवर अवलंबून राहावे लागत नाही. समीकरण मांडल्याबरोबर त्यात एक ओळखीची संख्या घालून पाहायची, ही एकच सवय पहिल्या महिन्यात लागली तरी मुलांची बरीच चूक कमी होईल.

आपल्या परंपरेत या विषयाला 'अव्यक्तगणित' असेही नाव होते. ११५० साली पुऱ्या झालेल्या सिद्धांतशिरोमणीतल्या 'बीजगणित' या भागात भास्कराचार्यांनी पहिल्या अव्यक्ताला 'यावत्-तावत्' म्हटले आहे. म्हणजे 'जेवढे असेल तेवढे'. पुढच्या अव्यक्तांना त्यांनी रंगांची नावे दिली: कालक, नीलक, पीतक. लिहिताना आद्याक्षरे घेत: या, का, नी, पी. 'जेवढे असेल तेवढे' हे नाव मला 'क्ष'पेक्षा शिकवायला सोयीचे वाटते. ते ऐकले की ही संख्याच आहे आणि ती अजून कळलेली नाही, हे दोन्ही एकदम समजते.

एक सूचना मात्र आवर्जून द्यावी. एका प्रश्नात एका अक्षराने एकच गोष्ट दाखवायची. 'कुलाबा' म्हटले की अलिबागकर समुद्रातल्या किल्ल्याकडे बोट दाखवील, मुंबईकर दांडीकडे, आणि १९८१ पूर्वी शाळा शिकलेला माणूस जिल्हा समजेल, कारण आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. बोलण्यात संदर्भाने निभावते, समीकरणात निभावत नाही.

बरोबरचे चिन्ह

आता अष्टमीची ओहोटी काढायला सांगा. पुष्कळ वह्यांत असे सापडेल: ३/४ × ८ = ६ + ६ = १२. उत्तर बरोबर आहे, लिहिलेले वाक्य खोटे आहे. त्यात सहा म्हणजे बारा असे म्हटले आहे. विद्यार्थ्यासाठी '=' म्हणजे 'आता उत्तर लिही' अशी आज्ञा असते, कॅल्क्युलेटरच्या बटणासारखी. अंकगणितात ती समजूत खपून जाते. बीजगणितात दोन्ही बाजूंना अव्यक्त आले की ती कोसळते, आणि मग 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' हा मंत्र पाठ करण्याखेरीज गत्यंतर उरत नाही. मंत्र पाठ केलेली मुले ३क्ष = १२ मधले तीनसुद्धा चिन्ह बदलून पलीकडे नेतात आणि क्ष = १२ − ३ लिहितात.

म्हणून महाविद्यालयात अपेक्षा अशी असते की प्रत्येक पायरी नव्या ओळीवर, बरोबरचे चिन्ह चिन्हाखाली आणि जमल्यास उजवीकडे दोन शब्दांत कारण: 'दोन्ही बाजूंना ३ने भागून'. मुलांना हे सोपस्कार वाटतात. गुण कापण्यासाठी शिक्षकांनी काढलेली सबब वाटते. पण चूक कोठे झाली हे शोधण्याचा तो एकमेव मार्ग आहे.

उलटवणे म्हणजे काय, तेही याच हिशेबावर दाखवता येते. आज भरती तीन वाजता आहे, तर तिथी कोणती? ३ = ३/४ त. दोन्ही बाजूंना ४/३ने गुणले की त = ४. पण ४/३ म्हणजे एक आणि एक तृतीयांश. तेव्हा तोंडी हिशेब असा होतो: वेळेत तिचाच तिसरा हिस्सा मिळवा. तीनमध्ये एक मिळवला, चार. सहामध्ये दोन मिळवले, आठ. पाऊणपटीचा उलटा हिशेब 'तिसरा हिस्सा मिळवणे' हा का, याचे उत्तर पाढ्यांत मिळत नाही, अक्षरांत मिळते.

नियमाला प्रश्न विचारणे

आतापर्यंत आपण नियम मानून चाललो. आता त्याची परीक्षा घेऊ. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. भ = ३/४ × १५ = ११ १/४, म्हणजे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, त = १, भ = पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. इतर दिवशी भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमेहून प्रतिपदेला जाताना मात्र ती सव्वाअकराहून एकदम पाऊण वाजेपर्यंत, दीड तास उडी मारते. समुद्र काही पौर्णिमा पाहून उडी मारत नाही. तेव्हा दोष नियमात असला पाहिजे.

कोणता गुणक घेतला तर उडी नाहीशी होईल? गुणकाला 'ग' म्हणू. पंधरा तिथींत भरती घड्याळाचा एक पूर्ण फेरा, म्हणजे बारा तास, पुढे सरकली पाहिजे. म्हणून १५ग = १२ आणि ग = ४/५. पाऊण नव्हे, चार पंचमांश. तासाचा चार पंचमांश म्हणजे ४८ मिनिटे. आता ताळा पाहा. पौर्णिमेला बारा वाजता, दुसऱ्या दिवशी बारा वाजून ४८ मिनिटांनी. उडी गेली. वद्य प्रतिपदेला १ ऐवजी महिन्यातली सोळावी तिथी म्हणून १६ घातले तरी १२.८ तास, म्हणजे बारा वाजून ४८ मिनिटेच येतात. पंचांगात अमावास्येपुढे ३० छापलेले असते. तेही घालून पाहा: २४, म्हणजे रात्रीचे बारा.

या ४८ मिनिटांना खगोलशास्त्रात सरळ अर्थ आहे. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जातो. तिथीची व्याख्याच ती आहे. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून १२ अंशांना ४८ मिनिटे. जुन्या मोजमापात हेच दोन घटका, म्हणजे एक मुहूर्त. भरती चंद्राच्या मागोमाग येते, म्हणून तीही दर तिथीला एक मुहूर्त मागे पडते.

मग जाणत्यांनी पाऊणच का ठेवले? माझा तर्क असा की पाऊणकी तोंडपाठ असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे मराठी शाळांत म्हणवून घेतले जात. चार पंचमांशाचा पाढा कोणी म्हणत नव्हते. तिथीमागे तीन मिनिटांची चूक अष्टमीपर्यंत २४ मिनिटे होते आणि होडी हाकारण्यासाठी तेवढी चालते. शिवाय समुद्रही नियमाने सरळ चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास रोजचा उशीर सरासरीहून कमी असतो, अष्टमीच्या आसपास जास्त. त्यामुळे आपला ४/५ देखील सरासरीचाच गुणक आहे. बंदरातल्या कामासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत, ती वापरावीत.

आणखी एक प्रश्न हुशार विद्यार्थी विचारील: हा नियम सगळ्या किनाऱ्यांवर का चालत नाही? कारण पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते, ही आपल्या पट्ट्यातली गोष्ट आहे. दुसऱ्या बंदरात ती आणखी कधी येईल. तिथे भ = ४/५ त + स असे लिहावे लागेल. 'स' ही त्या बंदराची संख्या: रोज बदलणारी नव्हे, पण बंदर बदलले की बदलणारी. आपल्याकडे ती शून्याच्या जवळ आहे म्हणून दिसत नाही. चल आणि स्थिरांक यांतला फरक मला व्याख्येपेक्षा या उदाहरणाने समजावणे सोपे वाटते.

स्थिरांक शोधण्याचे मोठे उदाहरण अलिबागमध्येच आहे. मुंबईत विजेवर ट्राम चालवण्याचे ठरले तेव्हा कुलाब्याच्या (मुंबईच्या!) वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, हे उघड झाले. म्हणून अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली गेली आणि १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. एकाच क्षणाच्या दोन नोंदींची वजाबाकी केली की दोन जागांमधला फरक मिळतो. तो कळला की जुनी नोंदमाला नव्या जागेच्या मालिकेला जोडता येते. अलिबागची नोंद = कुलाब्याची नोंद + फ, एवढेच ते समीकरण. त्यातला 'फ' भरवशाने मिळवायला दोन वर्षे दिली. याच कुलाब्याच्या वेधशाळेत तरुणपणी काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे हे अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १८२५चा. पुढे त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिली आणि डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांना गणित शिकवले.

अडते ते बहुधा अंकगणितात

बीजगणितात नापास होणारी मुले अक्षरांपाशी अडतात, असे आपण मानतो. उत्तरपत्रिका नीट पाहिल्या तर ती पुष्कळदा अपूर्णांक आणि ऋण चिन्हापाशी अडलेली दिसतात. १९ − ७ + ४ याचे उत्तर ८ लिहिणारा विद्यार्थी महाविद्यालयातही भेटतो. त्याने ७ आणि ४ आधी मिळवलेले असतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमणियम यांनी शाळेतल्या मुलांबरोबर काम करताना 'पद' ही कल्पना अंकगणितातच आणली. या राशीत तीन पदे आहेत: +१९, −७, +४. चिन्ह पदाला चिकटलेले असते. पदे कोणत्याही क्रमाने मिळवा, उत्तर १६च. ही दृष्टी आली की ५ − (क्ष − ३) मधला कंस सोडवणेही जड जात नाही. पहिल्या आठवड्यात नवीन काही न शिकवता दहा-बारा अशी उदाहरणे देऊन कोण कोठे अडतो हे पाहिले, तर तो आठवडा वाया गेला असे समजू नये.

अभ्यास कसा करावा

इथे दोन प्रयोग सांगण्याजोगे आहेत. १९८५ साली ऑस्ट्रेलियातल्या स्वेलर आणि कूपर यांना असे आढळले की बीजगणित नव्याने शिकणाऱ्यांना सोडवलेली उदाहरणे नीट अभ्यासायला दिली, तर पुढची तशीच उदाहरणे ते अधिक लवकर आणि कमी चुकांनी सोडवतात. सुरुवातीलाच अवघड उदाहरणांशी झुंजायला लावून फारसे साधत नाही. म्हणून सोडवलेले उदाहरण वाचावे, प्रत्येक पायरीला 'का?' विचारावे, मग ते झाकून कोऱ्या कागदावर पुन्हा मांडावे. नुसते वाचून 'समजले' वाटणे आणि झाकून मांडता येणे यांत फार अंतर आहे.

दुसरा प्रयोग रोहरर आणि टेलर यांचा, २००७ सालचा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एका प्रकारची सगळी उदाहरणे एकदम सोडवली, मग दुसऱ्या प्रकारची. दुसऱ्या गटाला सगळे प्रकार मिसळून दिले. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता: ८९ टक्के बरोबर, मिसळलेल्यांची ६० टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पहिल्या गटाची २० टक्के आणि मिसळून सराव केलेल्यांची ६३ टक्के बरोबर आली. आपली पाठ्यपुस्तके मात्र प्रकारवार उदाहरणसंग्रह देतात. रीत कोणती लावायची हे संग्रहाच्या मथळ्यातच सांगितलेले असते आणि परीक्षेत मथळा नसतो. शिक्षकांनी दर आठवड्याला मागच्या तीन-चार प्रकरणांतली पाच उदाहरणे क्रम मोडून दिली तरी पुरे. त्या दिवशी मुलांची उत्तरे चुकतील, वर्ग कुरकुर करील, करू द्यावी.

वेळेचे म्हणाल तर तासाला घरी दोन तास, असा जुना संकेत आहे. रेवदंड्याहून किंवा पोयनाडहून एस.टी.ने येणाऱ्या मुलाला तो जमणार नाही. पण रोज चाळीस मिनिटे जमतात, आणि रविवारी बसून काढलेल्या पाच तासांपेक्षा ती अधिक उपयोगी पडतात. सगळ्यांत धोक्याचा काळ गणपतीचा. बीजगणिताची साखळी तुटली की पुढची कडी लागत नाही आणि कोकणात त्या सुट्टीला दोन दिवस पुढे, चार दिवस मागे जोडण्याची रीत आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला नवीन प्रकरण उघडू नये, एवढे तर शिक्षकांच्या हातात आहे.

चुकांची वेगळी वही ठेवायला सांगावी. डावीकडे चूक जशीच्या तशी, उजवीकडे ताळा, ज्याने ती उघडी पडली. पंधरा दिवसांनी ही वही पाहिली की मुलाला कळते, आपण शंभर प्रकारे चुकत नाही, तीन-चार प्रकारांनीच चुकतो.

वर्गात देण्यासाठी एक प्रश्न. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ओहोटी दुपारी बाराला. सहलीला ही वेळ उत्तम, असे एका गटाने ठरवले. तिथे गेल्यावर मात्र पाणी पुरेसे हटलेले नाही. हिशेबात चूक नाही, ताळाही जमतो. अष्टमीची भरती-ओहोटी भांगाची असते, पाणी कमी चढते आणि कमी उतरते. भ = ३/४ त या समीकरणात पाण्याच्या उंचीसाठी कोणते अक्षर आहे, हे मुलांना शोधायला सांगावे.